एकसारखी पाच खोकी

मुलींनी पळू नये असं माझं मत होतं, आणि ते मी कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं. दक्षिणेतल्या हार्लन्स मिल गावात काळ्या मुलांच्या शाळेत मी एकवीस वर्षं शिवण आणि स्वयंपाक शिकवला. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलीचं काज कधी उसवलं नाही, की पावाचं पीठ कधी बसलं नाही. पळण्याने यातलं काहीच सुधारत नाही. पण १९५१ च्या मे महिन्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की ओझेला ग्रॅनबी ओहायोला शर्यतीसाठी चालली आहे, सोबत बाईमाणूस हवं, आणि मिस टॉलिव्हर, तुम्ही जाताय. 'जाल का' असं नव्हतं, 'जाताय' असं होतं.

ओझेला तेव्हा सतरा वर्षांची होती. लांब पाय, बोलणं कमी, आणि टाके असे वेडेवाकडे की बघवत नसत. शर्यत दोनशे मीटरची. पहिल्या दोघींना फिलाडेल्फियाच्या निवड-शर्यतीचं बोलावणं मिळणार होतं. आमच्या लोकांच्या एका कॉलेजाने कळवलं होतं, की मुलगी फिलाडेल्फियापर्यंत पोचली तर पुढचं शिक्षण आमच्याकडे. नाही पोचली तर सोमवारपासून लॉन्ड्रीत, आईच्या शेजारच्या इस्त्रीवर. तिच्या आईने तिथल्या मुकादमाला तसा शब्दही देऊन ठेवला होता. आशेवर चूल पेटत नाही हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं.

तिला पळायला शिकवणारे होझिया पेटवे म्हणजे आमच्या शाळेचे विज्ञानाचे मास्तर. माणूस किडकिडीत, पण बोलायला बसला की आवरत नसे. त्यांची एकच तक्रार होती. ओझेला शेवट झकास करायची, पण सुरुवात एखाद्या अडेल खेचरासारखी. पिस्तूल उडालं की बाकीच्या मुली निघून जायच्या आणि ही मागाहून. पेटवे सरांनी निदान केलं की पोरगी आवाजाला घाबरते. झालं! दोन वर्षं ते तिच्या कानाशी पातेल्यांची झाकणं बडवत होते. झाकणं माझ्या स्वयंपाकाच्या वर्गातली. दोन पार चेमटली.

गाडी मिळाली मिस्टर बॅस्कोम यांची. ते आमच्या गावचे अंत्यविधीवाले, आणि गाडी अर्थातच प्रेतं नेण्याची, त्यांच्या दोनांपैकी एक. चालवायला पेटवे सर. लांबलचक, काळीभोर, आरशासारखी चकचकीत. मला आधी कसंसंच झालं. पण केंटकीत दोन ठिकाणी गोऱ्या पोलिसांनी टोपी काढून आम्हाला वाट करून दिली, तेव्हा म्हटलं, असू दे. त्या रस्त्यावर जिवंत माणूस म्हणून आम्हाला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

आता खोक्यांचं सांगते, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला, आणि तो मी केला. त्या रस्त्यावर आम्हाला टेबलाशी बसवून कुणी खायला देत नसे. म्हणून आमचे लोक प्रवासाला निघाले की बुटाच्या रिकाम्या खोक्यात शिदोरी बांधून घेत. तळलेलं चिकन, उकडलेली अंडी, लोणी घालून केलेल्या केकचा जाड तुकडा. मी पहाटे उठून चार खोकी भरली: पेटवे सर, मी, ओझेला, आणि गाडी दिल्याबद्दल मिस्टर बॅस्कोम. पाचवं खोकं ओझेलाच्या खिळ्यांच्या बुटांचं. ते बिचारं इतकं मळकट आणि कोपरे फाटलेलं होतं, की त्याला तसं ओहायोला न्यायचं माझ्या जिवावर आलं. गोऱ्यांच्या गावात जायचं तर आपलं सामान नेटकं दिसायला नको? मी पाचही खोकी तपकिरी कागदात गुंडाळली, पाचांवर पांढरी फीत बांधली, आणि पाचांवर तंतोतंत एकसारखी गाठ मारली. टेबलावर ओळीने मांडून दोन पावलं मागे सरून बघितलं, आणि स्वतःवरच खूश झाले. निघताना त्यातलं एक मिस्टर बॅस्कोम यांच्या हाती दिलं.

ओझेलाने वाटभर काही खाल्लं नाही. शर्यतीआधी मी खात नाही, म्हणाली. आम्ही दोघांनी रस्त्याकडेच्या झाडाखाली आपापलं खोकं संपवलं, आणि ही बुटांचं खोकं लहान बाळासारखं मांडीवर घेऊन बसली.

"दे इकडे, मागे ठेवते," मी म्हटलं.

"नको मिस टॉलिव्हर. असू दे माझ्याजवळ. हरवलं म्हणजे?"

"हरवायला त्याला काय पाय आहेत?"

ओहायो नदी ओलांडून आम्ही दुपारी मैदानावर पोचलो. शहराचं नाव सांगत नाही, तिथली पुष्कळ माणसं अजून हयात आहेत. दक्षिणेत निदान पाट्या असतात, कुठे जायचं नाही ते वाचून कळतं. उत्तरेत पाटी नसते, डोकं आपटलं की भिंत आहे हे समजतं. फाटकावरचा माणूस हसतमुखाने म्हणाला, मुलींची कपडे बदलायची खोली भरली आहे हो, पण तुमच्यासाठी वेगळी सोय केली आहे. वेगळी सोय म्हणजे झाडू आणि फरशी पुसायच्या फडक्यांची खोली. तिथे बादल्या होत्या, फिनेलचा वास होता आणि एक मांजर होतं. ओझेलाने कपडे बदलले, बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि फीत सोडली.

तिने झाकण उचलून आत बघितलं. मग म्हणाली, "मिस टॉलिव्हर, हे पायात कसं घालू?"

खोक्यात चिकनचे सहा तुकडे होते. मोठमोठे, निवडून काढलेले. मिस्टर बॅस्कोम यांच्यासाठी मी मुद्दाम निवडले होते.

मी तिचं दुसरं खोकं उघडलं. त्यातही चिकन. मांजर उठून जवळ आलं.

त्याच सुमारास तिकडे हार्लन्स मिलमध्ये मिस्टर बॅस्कोम एक अंत्यविधी उरकून जेवायला बसले होते. त्यांनी मांडीवर रुमाल पसरला, प्रार्थना म्हटली, खोकं उघडलं, आणि आत खिळे वर करून ठेवलेले बूट पाहिले. पुढे कितीतरी महिने ते मला विचारत होते, "मिस टॉलिव्हर, माझ्याकडून काही चुकलं होतं का हो?"

पण हे नंतरचं. त्या क्षणी मला हसू आलं नव्हतं. एका मुलीचं सगळं आयुष्य माझ्या हातात होतं आणि मी त्यावर फितीच्या गाठी मारत बसले होते. मी तिला तसं सांगितलंही. "पोरी, माझी चूक आहे. सगळी माझी."

ओझेला रडली नाही. म्हणाली, "अनवाणी पळते मी. घरी पळतेच की."

पेटवे सर धावत पंचांकडे गेले आणि मी त्यांच्यामागे. मुख्य पंच मिस्टर हॅडली. पिस्तूल उडवणारेही तेच, यादी लिहिणारेही तेच. गोरापान चेहरा, गळ्यात शिट्टी, हातात पुठ्ठ्याला अडकवलेले कागद.

"बुटांशिवाय नाही," ते म्हणाले. "कोळशाच्या चुऱ्याची धावपट्टी आहे. नियम आहे."

"साहेब, तिची तयारी आहे," पेटवे सर म्हणाले.

"तिची असेल. उद्या पाय फाटला की तुम्हीच लोक वर्तमानपत्रात बोंब मारणार. पंचवीस मिनिटं आहेत. बूट घालून आली तर पळेल, नाहीतर नाव खोडतो."

नियम मलाही प्रिय आहेत. एकवीस वर्षं मी दुसरं काय शिकवलं? पण नियम सांगताना माणूस इतका खूश दिसायला लागला की मला शंका येते. मी टोपी सरळ केली, हातमोजे ओढले, मिस्टर बॅस्कोम यांचं खोकं एका हातात आणि ओझेलाचं मनगट दुसऱ्या हातात घेतलं, आणि 'भरलेल्या' खोलीचं दार वाजवून आत शिरले. खोली अर्धी रिकामी होती.

दहा-बारा गोऱ्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी वर्गात बोलते तशीच बोलले. "मुलींनो, माझं नाव मिस टॉलिव्हर. माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. या मुलीचे बूट सात तासांच्या अंतरावर राहिले आहेत, आणि तिची शर्यत बावीस मिनिटांवर आली आहे."

मग कोपऱ्यातून एक आवाज आला. "कशाचा वास येतोय?"

"चिकनचा."

"तळलेलं?"

"मग काय, कच्चं घेऊन फिरेन?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. विचारणारी उठून पुढे आली. रुंद खांद्यांची, गालावर तीळ असलेली. नाव वांडा. बाप पोलंडहून आलेला आणि पोलादाच्या भट्टीवर कामाला. ती सकाळीच शंभर मीटरमध्ये बाद झाली होती आणि तिला सपाटून भूक लागली होती. "आधी बूट बघू," ती म्हणाली. "हिचा नंबर किती?"

"आठ," मी म्हटलं.

वांडाने ओझेलाच्या पायाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "हा पाय आठचा?"

मला काय ठाऊक? आमच्या गावात काळ्या माणसाने दुकानात बूट पायात घालून बघायचा नसे. घरी कागदावर पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, आणि तो कागद दुकानदाराला द्यायचा. दुकानदार कागदाकडे एक नजर टाकून हाताला येईल ते खोकं पुढे करी. आत एखादा बूट सैल निघाला तर म्हणे, वाढत्या अंगाचा आहे, राहू दे. ओझेलाचे खिळ्यांचे बूट असेच आले होते. पुढे कापूस भरून ती ते वापरत होती.

वांडाने तिला बाकावर बसवलं. मैत्रिणीचे आठ नंबरचे बूट आणले, त्यात ओझेलाचा पाय होडीत बसावा तसा बसला. साडेसातचे आणले, तेही सैल. तोवर आणखी दोन मुली आपापले बूट घेऊन आल्या. चिकनमुळे आल्या की लाजेखातर, ते मी विचारलं नाही. एक सोनेरी केसांची, कॅरोलिन नावाची मुलगी मात्र जागची हलली नाही. तिची जास्तीची जोडी बाकाखाली होती, ती तिने पायाने आत सारली. "माझे नकोत हं," ती म्हणाली. "मला नंतर घालायचेत ना ते."

"बरोबर आहे बाळ," मी म्हटलं. "बुटांना हिच्या पायाची सवय लागली, तर ते तुला मागे टाकून एकटेच पोचायचे."

वांडा इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने स्वतःचेच बूट काढले. साडेसहा नंबर, जुने, एका टाचेला दोऱ्याने शिवलेले. टाके चांगले होते, मी पाहिलं. ओझेलाने पाय आत घातला, नाडी बांधली आणि उभी राहिली. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. टाचा उचलून बघितल्या.

"मिस टॉलिव्हर," ती हळूच म्हणाली, "हे हलत नाहीत."

"बूट हलायचे नसतात, पोरी."

"मला वाटलं, सगळ्यांचेच हलतात."

मी हातमोज्याने डोळे टिपले आणि लगेच खोकं वांडाच्या हातात दिलं.

बाहेर पेटवे सरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे इतके दिवस निघताना ती बोटं आवळून बूट पायात धरून ठेवत होती? आणि मी दोन वर्षं झाकणं बडवली?"

"माझी झाकणं," मी म्हटलं.

सहा मुली रेषेवर आल्या. ओझेला सर्वांत आतल्या पट्टीत, कॅरोलिन तिच्या शेजारी. मिस्टर हॅडलींनी पिस्तूल वर केलं. मी कुंपणाशी उभी, एका बाजूला पेटवे सर, दुसऱ्या बाजूला मोजे घातलेल्या पायांनी उभी राहून तंगडी खाणारी वांडा.

गोळी सुटली, आणि ओझेला अशी निघाली की मला ती निघताना दिसलीच नाही. रेषेवर होती, आणि नव्हती. पेटवे सरांच्या तोंडून एक चीत्कार निघाला. पण लगेच दुसरी गोळी झाली. मुली थांबल्या, मागे वळल्या.

हॅडलींनी बोट दाखवलं. "तू. गोळीच्या आधी निघालीस."

"नाही हो साहेब!" पेटवे सर कुंपणावर अर्धे चढले.

"गोळीबरोबर निघाली ती!" वांडा तोंडात घास तसाच ठेवून ओरडली. "मी बघत होते!"

"इतक्या लवकर कुणी निघत नसतं," हॅडली म्हणाले. "ही पहिली ताकीद. पुन्हा झालं तर बाहेर."

माझं डोकं फिरलं. पळण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण हे मला चांगलं कळत होतं. आयुष्यभर हेच पाहिलं होतं. आमचा माणूस मागे पडला तर तो आळशी, आणि पुढे गेला तर त्याने नक्की काहीतरी लबाडी केली. आता ती पोर पुन्हा तशीच निघाली असती, तर तो माणूस पुन्हा तेच म्हणणार होता. त्याला खोटं बोलायचीही गरज नव्हती, कारण त्याला ते खरंच वाटत होतं.

"तशीच निघ, ओझेला!" पेटवे सर ओरडले. "अगदी तशीच!"

"नको!" मी ओरडले. "दमाने घे!"

तिने आमच्या दोघांकडेही बघितलं नाही. मिस्टर हॅडलींकडे मात्र एकदा मान वळवून बघितलं, शांतपणे, फळ्यावरचं गणित वाचावं तसं. मग खाली वाकून हात टेकले.

गोळी सुटली. पाच मुली निघाल्या. ओझेला तिथेच.

एक पाऊल, दीड पाऊल, सगळ्यांची पाठ तिला दिसेपर्यंत ती जमिनीला हात टेकून होती. लोक हसायला लागले. कुणीतरी शिट्टी मारली. आणि मग ती उठली.

मागून पळायचं तिला कुणी शिकवायला नको होतं. दोन वर्षं तिने दुसरं काहीच केलं नव्हतं. पण तेव्हा पायात सैल बूट होते. वळणावर तिने दोघींना मागे टाकलं. वळण संपताना आणखी एक मागे पडली, आणि हसणारे गप्प झाले. सरळ पट्टीवर कॅरोलिन आणि दुसरी एक, दोघी पुढे होत्या, आणि मी, अर्नेस्टाइन टॉलिव्हर, रविवारी चर्चमध्येही आवाज न चढवणारी, कुंपणावर छत्री बडवत ओरडत होते, "पळ गं! पळ माझे बाई, पळ!" वांडा माझ्या पाठीत गुद्दे घालत होती. पेटवे सरांनी डोळे मिटून घेतले होते. शेवटच्या वीस पावलांत ओझेलाने दुसरीला गाठलं, मग कॅरोलिनला गाठलं, मग दोघींना सोडून पुढे गेली. दोरी तिच्या छातीला लागली तेव्हा कॅरोलिन चांगली दोन हात मागे होती. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"उघडा डोळे," मी पेटवे सरांना म्हटलं. ते उघडेनात, तेव्हा मी त्यांना छत्रीने ढोसलं.

आम्ही पोचलो तेव्हा ओझेला गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. कॅरोलिन बाजूने निघून गेली. मिस्टर हॅडली पुठ्ठा घेऊन आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"गोळी झाली तरी तू बसून राहिलीस," ते म्हणाले. "का? ऐकू आली नाही?"

ओझेला सरळ उभी राहिली. तिने आधी दम घेतला.

"आली ना, साहेब," ती म्हणाली. "तुमची खात्री पटावी म्हणून थांबले."

ती हे उद्धटपणे बोलली नाही. एखाद्याला रस्ता सांगावा तशी बोलली. मिस्टर हॅडलींनी खिशातली पेन्सिल काढली आणि फिलाडेल्फियाला जाणाऱ्यांच्या यादीत पहिल्या ओळीवर तिचं नाव लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून अक्षर न् अक्षर तपासलं, आणि मगच त्यांना जाऊ दिलं.